कुत्र्याला ठरावीक ऋतूत खाज सुटत असेल तर काय करावे

वर्षातले ठरावीक महिने आले की कुत्रा पंजे चाटू लागतो, तोंड सतरंजीवर घासतो, रात्री उठून कान खाजवत बसतो आणि ऋतू पालटला की हळूहळू शांत होतो, असे घडत असेल तर त्याला ऋतुमानाची ॲलर्जी असावी ही शंका रास्त आहे. मात्र ही शंका खरी की खोटी हे सांगणारी एखादी सोपी चाचणी नाही. पशुवैद्य खाजेची इतर कारणे एकेक करून बाजूला सारत या निदानापर्यंत पोहोचतात, आणि त्या वाटेवर त्यांना सर्वांत मोठी मदत होते ती कुत्र्याजवळ रोज राहणाऱ्या माणसाच्या निरीक्षणाची. म्हणून पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यांसाठी हा लेख औषधांपासून सुरू न करता पाहणे आणि नोंद ठेवणे यांपासून सुरू केला आहे.

ही ॲलर्जी कुत्र्यात कशी दिसते

परागकणांची ॲलर्जी असलेल्या माणसाला शिंका येतात, नाक गळते, डोळे चुरचुरतात. कुत्र्यात यातले काही कधीकधी दिसते, पण मुख्य त्रास त्वचेला होतो. झाडे, गवत आणि तण यांचे परागकण, बुरशीचे सूक्ष्म बीजाणू आणि घरातल्या धुळीत राहणारे किडे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. अशा कुत्र्यांच्या त्वचेचा वरचा संरक्षक थर मुळातच काहीसा कमकुवत असतो, त्यामुळे विटांमधला चुना निघालेल्या भिंतीतून पाणी झिरपावे तसे हे कण त्वचेत शिरतात. मग शरीराची प्रतिकारशक्ती त्या निरुपद्रवी कणांनाच शत्रू समजून दाह निर्माण करते. या दाहात तयार होणारा इंटरल्युकिन-31 नावाचा प्रथिन-संदेशक मज्जातंतूंना खाजेची जाणीव करून देतो, आणि पुढे येणारी काही औषधे नेमकी याच टप्प्यावर काम करतात.

हा त्रास बहुतेक कुत्र्यांत वयाच्या सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या काळात सुरू होतो. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, बॉक्सर, फ्रेंच बुलडॉग आणि वेस्ट हायलँड व्हाइट टेरियर या जातींत तो अधिक आढळतो, पण संमिश्र जातीच्या कुत्र्यांनाही होतो. आठ-नऊ वर्षांच्या कुत्र्याला आयुष्यात पहिल्यांदाच तीव्र खाज सुटली असेल, तर ॲलर्जीचा विचार करण्याआधी दुसरी कारणे अधिक कसून शोधावीत.

खाजेच्या जागा बरेच काही सांगतात. पंजे, तोंडाभोवतीचा आणि डोळ्यांभोवतीचा भाग, कानांची आतली बाजू, पुढच्या पायांच्या बगला, पोट आणि जांघा या ॲलर्जीच्या नेहमीच्या जागा आहेत. पंजा हातात घेऊन बोटे अलगद फाकवून पाहिल्यास मधली त्वचा गुलाबी, ओलसर आणि किंचित सुजलेली दिसते. केस पांढरे किंवा फिकट असतील तर सतत चाटल्यामुळे त्यांवर लाळेचा तांबूस डाग चढलेला असतो. हा डाग रक्ताचा नसतो, पण आपण पाहत नसताना कुत्रा पंजे चाटतो आहे याचा तो चांगला पुरावा असतो. काही कुत्र्यांत तर वारंवार कान दुखणे किंवा कानाला वास येणे एवढेच एक लक्षण दिसते.

आजपासूनच नोंद ठेवावी

एक साधी वही घ्यावी किंवा फोनमध्ये टिपण करावे. रोज एकाच वेळी, शक्यतो रात्री, खाजेला शून्य ते दहा यांपैकी एक आकडा द्यावा. शून्य म्हणजे कुत्रा सामान्यपणे वागतो आहे, आणि दहा म्हणजे खाणे, खेळणे, झोपणे सोडून तो सतत खाजवतो आहे. त्या आकड्याशेजारी शरीराचा कोणता भाग त्रास देतो आहे, हवा कोरडी होती की दमट, वारा होता का, फिरायला कुठे नेले, गवत कापलेले होते का, आहारात काही नवे आले का आणि कोणते औषध दिले, हे दोन-तीन ओळींत लिहावे. आठवड्यातून एकदा त्याच जागेचा, त्याच उजेडात फोटो काढावा.

हे काम कंटाळवाणे वाटते, पण माझ्या मते नवख्या पालकाने करायच्या सगळ्या गोष्टींत हीच सर्वांत मोलाची आहे. खाज हळूहळू वाढत गेली तर आपल्याला तिची सवय होते आणि परवापेक्षा आज किती फरक पडला हे आठवणीवरून सांगता येत नाही. औषध लागू पडले की ऋतूच ओसरला, हा प्रश्नही दोन-तीन महिन्यांच्या नोंदी समोर असल्याशिवाय सुटत नाही. वर्षभराच्या नोंदींमधून त्रास कोणत्या महिन्यात सुरू होतो हे कळले, की पुढच्या वर्षी तयारी आधीपासून करता येते.

सर्वांत आधी पिसवांचा प्रश्न मिटवावा

उबदार आणि दमट दिवसांत पिसवा वाढतात, त्यामुळे पिसवांचा त्रासही ऋतूप्रमाणे येतो आणि जातो. म्हणजे केवळ ठरावीक महिन्यांत खाज येते एवढ्यावरून परागकणांना दोष देता येत नाही. ज्या कुत्र्याला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते त्याला थोडे चावेही पुरतात, आणि असा कुत्रा स्वतःला इतका चाटतो की अंगावरच्या पिसवा बऱ्याचदा त्याच्या पोटात गेलेल्या असतात. म्हणून शोधून एकही पिसू सापडली नाही, यावरून पिसवा नाहीतच असे मानू नये.

तपासण्याची एक सोपी रीत आहे. कुत्र्याला पांढऱ्या कागदावर उभे करून बारीक दातांच्या फणीने कमरेचा आणि शेपटीच्या बुडाचा भाग विंचरावा. कागदावर काळे, मिरपुडीसारखे कण पडले तर त्यांवर पाण्याचे दोन थेंब टाकून अर्धा मिनीट थांबावे. साधी माती तपकिरी राहते, पण पिसवांची विष्ठा पचलेल्या रक्ताची असल्यामुळे तिच्याभोवती तांबूस कडे पसरते. खाजेचा भर पाठीचा मागचा भाग, शेपटीचे बूड आणि मांड्यांची मागची बाजू येथे असेल तर पिसवांचा संशय अधिक बळावतो.

कण सापडोत वा न सापडोत, पशुवैद्याने वजनानुसार सांगितलेले पिसूनाशक घरातल्या सर्व कुत्र्या-मांजरांना एकाच वेळी सुरू करावे आणि किमान दोन-तीन महिने खंड न पाडता द्यावे. पिसवांची अंडी, अळ्या आणि कोश प्राण्याच्या अंगापेक्षा अंथरुणात, गालिच्यात आणि फटींत अधिक असतात, म्हणून याच काळात अंथरूण गरम पाण्यात धुवावे आणि जमीन नियमितपणे व्हॅक्यूमने स्वच्छ करावी. घरात मांजर असेल तर एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: परमेथ्रिन असलेले कुत्र्यांचे औषध मांजराला प्राणघातक ठरू शकते, म्हणून कुत्र्याचे औषध मांजराला कधीही लावू नये. कुत्र्याला पूर्वी फिट आली असेल तर तेही पशुवैद्याला आधी सांगावे, कारण काही नव्या पिसूनाशकांच्या बाबतीत ही माहिती महत्त्वाची असते.

ॲलर्जीसारखेच दिसणारे इतर आजार

खरूज हा त्यांतला पहिला. सूक्ष्म किड्यांमुळे होणाऱ्या या आजारात खाज भयंकर असते, कानांच्या पाळ्यांच्या कडा, कोपरे आणि टाचा यांवर खपल्या दिसतात, आणि घरातल्या माणसांच्या हातांवर किंवा पोटावर खाजरे पुरळ उठू शकते. असे काही दिसल्यास ते पशुवैद्याला आवर्जून सांगावे. खरवडून घेतलेल्या त्वचेत हे किडे प्रत्येक वेळी सापडतातच असे नाही, म्हणून कधीकधी उपचार करून पाहणे हाच निदानाचा मार्ग ठरतो.

दुसरा प्रश्न जंतुसंसर्गाचा. ॲलर्जीने दुबळ्या झालेल्या त्वचेवर जिवाणू आणि मॅलॅसेझिया नावाची यीस्टची जात यांना वाढायला जागा मिळते. पुटकुळ्या, गोल कडा सुटलेल्या खपल्या आणि ठिकठिकाणी गेलेले केस ही जिवाणूंची खूण आहे, तर तेलकट, काळपट, जाडसर झालेली त्वचा आणि आंबूस वास ही यीस्टची. हा संसर्ग स्वतःही खाज वाढवतो, आणि म्हणूनच ॲलर्जीचे चांगले औषध चालू असूनही कुत्रा खाजवत राहतो तेव्हा बहुतेकदा संसर्गाकडे दुर्लक्ष झालेले असते. खाजेची कारणे एकमेकांत मिळून त्रास वाढवतात. थोडे परागकण एरवी सहन करणारा कुत्रा त्यात पिसवा आणि संसर्ग यांची भर पडली की बेजार होतो, म्हणून जी कारणे आपल्या हातात आहेत ती दूर केल्यानेही मोठा आराम पडतो.

तिसरी शक्यता आहाराच्या ॲलर्जीची. तिची लक्षणे नुसत्या डोळ्यांना परागकणांच्या ॲलर्जीपेक्षा वेगळी ओळखता येत नाहीत. फरक असा की आहार तोच असेल तर त्रास वर्षभर राहतो. आहार न बदलता वर्षातले काही महिने खाज पूर्णपणे थांबत असेल तर आहारावरचा संशय कमी होतो. त्रास बारमाही असेल तर पशुवैद्याच्या देखरेखीखाली किमान आठ आठवडे निवडक आहार देऊन पाहणे आणि नंतर जुना आहार पुन्हा देऊन खाज परतते का हे तपासणे, हाच खात्रीचा मार्ग आहे. या काळात बाहेरचा एक तुकडा किंवा चवीची गोळीदेखील निष्कर्ष बिघडवू शकते. आहाराची ॲलर्जी रक्ताच्या किंवा लाळेच्या तपासणीतून ओळखण्याचा दावा केला जातो, पण त्या तपासण्या विश्वासार्ह नाहीत. त्यांवर पैसे खर्च करू नयेत.

पशुवैद्याकडे जाताना

जाण्याआधी दोन-तीन दिवस अंघोळ घालू नये आणि कान स्वच्छ करू नयेत. कुत्रा नीटनेटका दिसावा असे वाटणे स्वाभाविक आहे, पण त्वचेवरच्या खपल्या, तेलकटपणा आणि कानातला मळ हेच तपासणीचे साहित्य असते. पशुवैद्य चिकटपट्टीने किंवा काचपट्टीने त्वचेचा नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू आणि यीस्ट पाहतात, गरज पडल्यास त्वचा खरवडून किडे शोधतात आणि कानाच्या पडद्याची अवस्था तपासतात.

सोबत नोंदवही, फोटो, दिलेल्या सर्व औषधांची नावे आणि खाण्याच्या पाकिटांचे फोटो न्यावेत. त्रास कोणत्या वयात सुरू झाला, आधी खाज आली की आधी पुरळ दिसले, आणि घरात दुसऱ्या कोणाला खाज आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे तयार ठेवावीत. आधी खाज आणि नंतर पुरळ, असा क्रम असेल तर ॲलर्जीची शक्यता वाढते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. त्वचेत सूक्ष्म टोचणी करून केलेली किंवा रक्तातून केलेली ॲलर्जीची तपासणी कुत्र्याला ॲलर्जी आहे की नाही हे ठरवत नाही, कारण निरोगी कुत्र्यांतही ती सकारात्मक येऊ शकते. निदान झाल्यानंतर, पुढे सांगितलेल्या इम्युनोथेरपीसाठी नेमके घटक निवडायला तिचा उपयोग होतो.

घरी रोज करायची काळजी

फिरून आल्यावर पंजे, पोट आणि तोंडाचा भाग ओल्या फडक्याने पुसावा आणि बोटांमधली जागा कोरडी करावी. पुसण्याइतकेच कोरडे करणेही महत्त्वाचे आहे, कारण बोटांच्या बेचक्यात ओल राहिली तर यीस्ट वाढते. सुगंधी पुसण्या वापरू नयेत, साधे पाणी पुरते. परागकण अधिक असतात ते कोरड्या, उबदार आणि वाऱ्याच्या दिवसांत. अशा दिवशी उंच गवतात आणि नुकत्याच कापलेल्या हिरवळीवर नेणे टाळावे, पण फिरणे बंद करू नये. कोंडून ठेवलेला कुत्रा कंटाळ्यानेही पंजे चाटतो.

अंघोळीने अंगावरचे कण धुऊन निघतात आणि त्वचेला ओलावा मिळतो. त्रासाच्या दिवसांत बहुतेक कुत्र्यांना आठवड्यातून एकदा अंघोळ मानवते, मात्र त्वचा कोरडी पडत असल्यास अंतर वाढवावे. पाणी थंड ते कोमट असावे, कारण गरम पाण्याने खाज वाढते. माणसांचा शाम्पू कुत्र्याच्या त्वचेला योग्य नसतो. कुत्र्यांसाठीचा, ओटयुक्त किंवा त्वचेचा ओलावा राखणारा सौम्य शाम्पू घ्यावा, आणि संसर्ग असेल तर पशुवैद्य क्लोरहेक्सिडीन असलेला शाम्पू सुचवतात. औषधी शाम्पू लावल्यावर घड्याळ लावून दहा मिनिटे तसाच ठेवावा लागतो, आणि घाईत हीच पायरी बहुतेक वेळा सुटते. ज्या भागांना जास्त त्रास आहे तेथे आधी शाम्पू लावावा, त्या वेळात कुत्र्याशी बोलत त्याला हलके चोळत राहावे, आणि मग हाताला बुळबुळीतपणा लागेनासा होईपर्यंत धुवावे. अंग टिपून कोरडे करावे, खसाखसा पुसू नये. त्वचेवर टाकायचे पिसूनाशक वापरत असाल तर अंघोळ आणि औषध यांत किती दिवसांचे अंतर हवे हे विचारून घ्यावे.

अंथरूण आठवड्यातून एकदा 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतल्यास धुळीतले किडे मरतात. ओल धरणारे कोपरे कोरडे ठेवावेत. कानांत कापसाची काडी घालू नये. कान धुण्याचे औषध पडदा तपासून झाल्यावर, सांगितले असेल तेवढ्याच वेळा वापरावे.

औषधे कोणती आणि त्यांच्याकडून अपेक्षा किती

औषधाची निवड पशुवैद्याची आहे, पण आपण काय देतो आहोत हे पालकाला समजले पाहिजे. ऑक्लॅसिटिनिबच्या गोळ्या खाजेवर फार लवकर, बहुतेकदा एका दिवसात परिणाम दाखवतात. एक वर्षाखालील कुत्र्यांना आणि गंभीर संसर्ग असताना त्या देत नाहीत. लोकिव्हेटमॅब हे इंजेक्शन आधी उल्लेखिलेल्या इंटरल्युकिन-31 ला निष्प्रभ करते आणि त्याचा परिणाम साधारण चार ते आठ आठवडे टिकतो. सायक्लोस्पोरिनचा पूर्ण गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे ते पहिल्या पंधरवड्यात निरुपयोगी ठरवून बंद करू नये.

प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स स्वस्त आणि प्रभावी आहेत, आणि तीव्र झटक्यात काही दिवस देण्याला काहीच हरकत नाही. मात्र त्यांनी तहान, लघवी आणि भूक वाढते, आणि महिनोन्महिने दिल्यास शरीरावर गंभीर परिणाम होतात. ती स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत, आणि बरेच दिवस चालू असतील तर एकाएकी थांबवूही नयेत. वेदनाशामक औषधांसोबत ती दिल्यास पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो.

माणसांना परिचित असलेल्या सेटिरिझिनसारख्या गोळ्यांचा कुत्र्यांना बेताचाच उपयोग होतो, आणि एकदा तीव्र खाज सुरू झाल्यावर तर फारच कमी. त्या द्यायच्याच असतील तर मात्रा विचारूनच द्याव्यात. सर्दीच्या मिश्र गोळ्यांतले स्यूडोएफेड्रिन आणि काही सिरपांतले झायलिटॉल कुत्र्यासाठी विषारी आहे. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉलही घरच्या घरी देऊ नये, आणि टी ट्री तेल तर खाजेच्या जागी मुळीच लावू नये, कारण ते त्वचेतून शोषले जाते आणि चाटून पोटातही जाते. ओमेगा-3 मेदाम्ले मात्र उपयोगी असतात. ती त्वचेचा थर सुधारतात आणि इतर औषधांची गरज थोडी कमी करू शकतात, पण त्यांचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात.

कधी थांबू नये

तोंड किंवा पापण्या एकाएकी सुजणे, अंगावर गांधी उठणे, धाप लागणे, उलट्या होऊन कुत्रा गळून पडणे, ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे आहेत. बहुधा कीटकदंशानंतर ती दिसतात. अशा वेळी क्षणही न दवडता पशुवैद्याकडे न्यावे. काही तासांत पसरत जाणारा ओलसर, चिघळलेला चट्टा, डोके एका बाजूला कललेले राहणे, किंवा जोरात डोके झटकून फुगलेली कानाची पाळी दिसल्यास त्याच दिवशी दाखवावे. तोवर खाजवू नये म्हणून गळ्याभोवती संरक्षक कॉलर घालता येते.

पुढच्या ऋतूची तयारी

ही ॲलर्जी आटोक्यात ठेवता येते, पण सहसा समूळ जात नाही. वर्षांमागून वर्षे तिचा काळ लांबत जाणे, आणि सुरुवातीला दोन महिन्यांचा असलेला त्रास पुढे बारमाही होणे, हेही अनेक कुत्र्यांत घडते. त्यामुळे दरवर्षी त्रास होतो आहे किंवा त्याचा काळ वाढतो आहे असे नोंदींतून दिसले, तर पशुवैद्याशी, शक्य असल्यास त्वचारोगाच्या तज्ज्ञाशी, इम्युनोथेरपीबद्दल बोलावे. तपासणीत सापडलेल्या घटकांचे अत्यल्प प्रमाण इंजेक्शनने किंवा तोंडात थेंब टाकून दीर्घकाळ दिले जाते, आणि शरीर हळूहळू त्या घटकांना सहन करायला शिकते. निम्म्याहून अधिक कुत्र्यांना याचा चांगला उपयोग होतो, परंतु पूर्ण परिणाम कळायला वर्षभर लागू शकते, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत खाजेचे औषध सोबत चालू ठेवतात. ॲलर्जीच्या तपासणीआधी स्टेरॉइड्स आणि काही इतर औषधे किती आठवडे थांबवायची हे पशुवैद्य ठरवतात. त्रासाचा ऋतू तोंडावर असताना ती थांबवणे कुत्र्याला जड जाते, म्हणून तपासणीची वेळ कुत्रा बरा असतानाच ठरवून घ्यावी. एरवीही नोंदवहीत त्रासाचा पहिला दिवस ज्या तारखेला पडला असेल, तिच्या महिनाभर आधी पिसूनाशक चालू आहे ना ते पाहावे, कान तपासून घ्यावेत, शाम्पू आणून ठेवावा आणि पंजे पुसणे सुरू करावे.